कलादालन चालवणं : भिंतीवरचं आणि स्टोअरमधलं

कृष्णाकाठ :

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका जिल्ह्याच्या गावी आमचं कलादालन आहे. गावाचं नाव मुद्दाम देत नाही, कारण चार गोष्टी मोकळेपणाने लिहायच्या आहेत. इथल्या क्युरेटर मंडळींची प्रमुख म्हणून मी काम बघते. मंडळी म्हणजे दोन सहायक क्युरेटर, नोंदणी सांभाळणारी एक मुलगी, शाळांचे कार्यक्रम बघणारा एक मुलगा आणि आमचे सुतारमामा. मामांशिवाय एकही चित्र भिंतीवर चढत नाही. "पण तुम्ही दिवसभर करता काय?" हे प्रत्येक लग्नकार्यात कुणीतरी विचारतंच, म्हणून हा धागा.

माझं मत आधीच सांगून टाकते. छोट्या गावच्या दालनात प्रमुखाने प्रदर्शनाला हात घालण्याआधी स्टोअर, म्हणजे चित्रं ठेवायची कोठी, उघडावं. सगळ्या टीमला घेऊन उघडावं.

आपल्याकडच्या जिल्हा-दालनांचे संग्रह कसे जमलेत बघा. थोडं संस्थानिकांकडून आलेलं, थोडं कुणा ड्रॉइंग मास्तरांच्या घरच्यांनी दिलेलं, काही जुन्या स्पर्धांतली बक्षीसपात्र चित्रं, आणि पुढाऱ्यांची तैलचित्रं, जी नाकारायची कुणाची टाप नव्हती. नोंदवहीत त्याचं काय होतं? 'निसर्गचित्र, चौकटीसह, १ नग.' पुढच्या ओळीत पुन्हा 'निसर्गचित्र, १ नग.' कोणाचं, कधीचं, कुठून आलं, काही नाही. ऑडिटला नग मोजून भरले की झालं.

मी रुजू झाले तेव्हा मोठ्या सहायकाने प्रदर्शनाची संकल्पना लिहून तयार ठेवली होती. मुंबईत शिकलेला, हुशार मुलगा. स्मृती, भूदृश्य, विस्थापन असे सगळे शब्द त्यात होते. मी म्हटलं, आधी मोजणी. त्याचं तोंड उतरलं. पण जोड्या लावल्या : एकाने नोंद वाचायची, दुसऱ्याने चित्र बघून सांगायचं, आणि दुपारनंतर अदलाबदल. कामात कोण कसा आहे हे मुलाखतीत कळत नाही इतकं त्या धुळीत कळलं. नोंदणीवाल्या मुलीची नजर आमच्या सगळ्यांपेक्षा तयार आहे, हेही तिथेच लक्षात आलं.

एक नमुना सांगते. नोंदवहीत 'घाट, जलरंग, १ नग'. चौकट उलटी केली तर मागे प्लायवूड, गंजलेले खिळे आणि कोपऱ्यात चौकटवाल्या दुकानाची चिठ्ठी. प्लाय काढल्यावर कागदाच्या पाठीवर तपकिरी पट्टे, म्हणजे लाकडातलं आम्ल कागदात उतरलेलं. पुढून माउंटच्या, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या, कडेने करपल्यासारखी रेघ. डाव्या कोपऱ्यात कसरीने आकाश खरवडून खाल्लेलं. आणि पाठीवर पेन्सिलीने, बारीक अक्षरात, विद्यार्थ्याचं नाव आणि 'दुसरे बक्षीस'. चौकशी केली तर हे गृहस्थ पुढे तालुक्याच्या शाळेत जन्मभर चित्रकला शिकवत होते. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला निम्मी पंचक्रोशी त्यांच्या हाताखालून गेलेली.

मग शोधत गेलो तशी मास्तरांचीच चित्रं निघायला लागली. कुणी मुंबईच्या जेजे कलाशाळेत शिकून आलेले, कुणी कोल्हापूरच्या परंपरेतले, बहुतेक जण नोकरीपायी तालुक्याला अडकलेले. आमचं पहिलं प्रदर्शन त्यांचं झालं. सहायकाची संकल्पना बाजूला राहिली, पण लेखन त्यानेच केलं आणि फार चांगलं केलं. दालनाची पायरी कधी न चढलेली माणसं आली, "हे आमचे सर" म्हणत चित्रांसमोर फोटो काढून गेली. भूदृश्य-विस्थापनाला ती आली असती असं मला वाटत नाही.

आता माझ्या डोक्याला ताप असलेल्या गोष्टी. पहिली : दीपप्रज्वलन. जलरंगांच्या दालनात समई, कापूर, उदबत्ती आणि वर नारळ फोडणं! आम्ही समई व्हरांड्यात नेली तर आयोजक रुसले. दुसरी : फोन. "साहेबांच्या पुतण्याची चित्रं आहेत, एक भिंत द्या." त्यावर उपाय म्हणून निवड समितीचे निकष छापून दारातच लावलेत, फोन आला की त्याकडे बोट दाखवते. कधी चालतं, कधी नाही. तिसरी : पावसाळा. त्याबद्दल जाणकारांनी लिहावं.

दालनात काम करणारे, चित्रं काढणारे, नुसते बघणारे, सगळ्यांचे अनुभव वाचायला आवडतील.

---

टवाळभैरव :

दारात निकष लावले हे बेस्ट. साहेबांना ते वाचता येतील इतक्या मोठ्या अक्षरात आहेत ना?

---

पिवळा_बंगला :

ताई, मी एका संग्रहालयात आयुष्य काढून निवृत्त झालो. 'आधी मोजणी' याला दोन्ही हातांनी अनुमोदन. आमच्याकडे माणूस निवृत्त होताना चार्ज देतो-घेतो तेवढीच मोजणी, आणि त्यातही नवा माणूस कुलपाच्या किल्ल्या मोजतो.

क्रमांक कुठे आणि कसा घालता, हे सहायकांना पहिल्या आठवड्यात शिकवा. कागदावर मऊ पेन्सिलीने, पाठीवर, खालच्या कोपऱ्यात. बॉलपेन आणि रबरी शिक्का यांना स्टोअरमध्ये येऊच देऊ नका. कॅनव्हासच्या पाठीवर काही लिहायचं नाही, ताणपट्टीच्या लाकडावर लिहायचं. धातू-दगडाच्या वस्तूवर पॅरालॉइड बी-७२ (एक पारदर्शक अ‍ॅक्रिलिक राळ) चा पातळ थर, त्यावर शाईने क्रमांक, वर पुन्हा थर. उद्या काढायचा म्हटलं तर अ‍ॅसिटोनने निघतो. क्रमांकात दाखल झाल्याचं वर्ष पुढे ठेवा, मग अनुक्रम. विषयवार क्रमांक देण्याचा मोह होतो, आणि पुढे एक चित्र दोन विषयांत बसलं की सगळा गोंधळ.

संगणकावर चढवणार असाल तर पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेने संग्रहालयांसाठी 'जतन' नावाची प्रणाली केली आहे. केंद्राच्या मोठ्या संग्रहालयांच्या नोंदी तिच्यात आहेत. पण कागदी वही टाकू नका. वही ही कायदेशीर कागद आहे, चूक झाली तरी एका रेघेने खोडून सही करायची, व्हाइटनर नाही.

बाकी 'पुढाऱ्यांची तैलचित्रं नाकारायची टाप नव्हती' वाचून हसलो. आमच्याकडे त्यांची एक वेगळी खोलीच होती.

---

ब्रश_आणि_भाकरी :

लेख चांगला आहे, पण दुसरी बाजू मांडतो. मी याच भागातला चित्रकार. मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीत तारीख मिळायला वर्षानुवर्षं थांबायचं, खासगी गॅलऱ्या आमच्याकडे बघत नाहीत. जिल्ह्याचं दालन भाड्याने मिळतं, आठवडाभर चित्रं लावता येतात, चार विकली जातात, एवढाच आधार. आता तिथे 'क्युरेटेड' प्रदर्शनं सुरू झाली की भिंती तीन-तीन महिने अडकतात. मेलेल्या मास्तरांचा सन्मान जरूर करा, पण जिवंत चित्रकाराने कुठे जायचं? आणि निवड समितीत कोण असतं तेही लिहा. बऱ्याच ठिकाणी क्युरेटर म्हणजे चित्रकाराच्या डोक्यावर बसवलेला आणखी एक साहेब.

---

कृष्णाकाठ :

ब्रश_आणि_भाकरी, तुमचा मुद्दा बरोबर आहे आणि तो आमच्या बैठकीत दर वेळी निघतो. आम्ही वर्षाचं वेळापत्रक असं पाडलंय : पावसाळ्यात संग्रहातली प्रदर्शनं, कारण तेव्हा भाड्याने घेणारे कमीच असतात, आणि दिवाळीनंतर ते उन्हाळ्यापर्यंत लहान दालन भाड्याला मोकळं. तिथे आमची निवड नाही, अर्जाच्या क्रमाने तारीख. मोठं दालन मात्र आमच्या हातात ठेवलंय. समितीत बाहेरच्या जिल्ह्यातला एक चित्रकार, एक कलाशिक्षक आणि मी. स्थानिक चित्रकार समितीत घेतला की त्याचे मित्र आणि शत्रू दोघांचंही नुकसान होतं, असं माझं निरीक्षण.

भाड्याचं उत्पन्न बंद करा असं मी कधीच म्हणणार नाही. विजेचं बिल त्यातून जातं.

पिवळा_बंगला काका, पॅरालॉइडचा परिच्छेद छापून स्टोअरच्या दारावर लावते.

---

फोंडेकर :

पावसाळ्याचं आम्हाला विचारा. गोव्यात चार महिने भिंतीच घाम गाळतात. थोडक्यात सांगतो. बाहेरच्या भिंतीवर, म्हणजे जिच्यावर पाऊस थेट मारतो, तिच्यावर कागदाचं काहीही टांगू नये. टांगावंच लागलं तर चौकटीच्या मागे खालच्या कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवून भिंतीपासून अंतर ठेवा, हवा खेळली पाहिजे. सापेक्ष आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर रेंगाळली की बुरशी धरलीच समजा. दिवसा एसी आणि रात्री शिपाई बटण बंद करून घरी, हा तर खूनच. आर्द्रता रोज खाली-वर होण्यापेक्षा थोडी चढी पण स्थिर असलेली परवडते. लाकूड फुगतं, आकसतं, आणि वरचा रंग तडकतो.

डांबरगोळ्या टाकून समाधान मानणाऱ्यांना नमस्कार. वास चित्रांपेक्षा माणसांनाच जास्त लागतो. कपाटं भिंतीपासून सुटी ठेवा, जमिनीपासून वीतभर उंच, आणि झाडू रोज. कसर आणि वाळवीला अंधार, ओल आणि शांतता लागते. तुमच्या मोजणीने त्यांची शांतता मोडली हा मोठाच फायदा.

जाता जाता : आमचे चित्रकार आंजेलो द फोन्सेका गोव्याचे, पण आयुष्याचा मोठा भाग पुण्यात ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात काढला. साडी नेसलेली मेरी रंगवली म्हणून इथल्या धर्ममंडळींनी नाकं मुरडली होती. आज त्यांचा मोठा संग्रह पर्वरीच्या झेवियर सेंटरमध्ये आहे. पुण्यातल्या जुन्या घरांत त्यांचं एखादं जलरंग 'मेरी, १ नग' म्हणून पडलेलं असू शकतं. बघा बरं.

---

मंजिरी_लीड्स :

कृष्णाकाठ, तुमचा लेख वाचताना औंध आठवलं. माहेर सातारा जिल्ह्यातलं. शाळेच्या सहलीत यमाईचं दर्शन झालं की मूळपीठाच्या डोंगरावरच्या श्री भवानी संग्रहालयात नेत. १९३८ साली बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी उभारलेलं. स्वतः चित्रकार असलेला राजा. सगळे रविवर्म्याच्या चित्रांसमोर गर्दी करायचे. कोपऱ्यातल्या, इंग्रज शिल्पकार हेन्री मूरच्या 'मदर अँड चाइल्ड' या शिल्पाकडे कुणी ढुंकून बघत नव्हतं, मीही नाही.

पुढे लग्न होऊन आले ती नेमकी लीड्सला! मूर जवळच्याच कॅसलफर्डचा आणि शिकला लीड्सच्या आर्ट स्कूलमध्ये. इथल्या आर्ट गॅलरीला लागूनच त्याच्या नावाची संस्था आहे, दोन इमारतींना जोडणारा पूलही आहे. मी एका दालनात स्वयंसेवक म्हणून जाते. तुमच्या कामाला उपयोगी अशा दोन गोष्टी सांगते.

इथे चित्र जागेवरून हललं की त्या जागी एक कार्ड ठेवतात : क्रमांक, कुठे नेलं, कुणी, कधी. चित्र शेजारच्या खोलीत फोटो काढायला नेलं तरी. इथली संग्रहालयं 'स्पेक्ट्रम' नावाचा एक मानक पाळतात, त्यात वस्तू आत आल्यापासून बाहेर जाईपर्यंतच्या प्रत्येक हालचालीची पद्धत ठरलेली आहे. आपल्याकडे "मामांना माहीत आहे कुठे ठेवलंय" हा मानक चालतो. मामा रजेवर गेले की संपलं.

दुसरं : लीड्सच्या गॅलरीची पिक्चर लायब्ररी आहे. सभासद झालात की अस्सल चित्र घरी नेऊन भिंतीवर लावायचं, मुदत संपली की परत करायचं. आपल्या वाचनालयांसारखं. जिवंत चित्रकारांचा प्रश्न वर आलाय म्हणून सुचवते. गावातले दवाखाने, बँका, वकिलांची ऑफिसं यांना स्थानिक चित्रकारांची चित्रं भाड्याने देता येतील का?

आणि तुम्ही इथल्या दालनांची कल्पना करून हळहळू नका. तीही नगरपालिकेचीच, आणि पैसे कमी पडले की पहिली कात्री तिथेच लागते.

---

ब्रश_आणि_भाकरी :

मंजिरीताई, चित्र भाड्याने ही कल्पना आवडली. फक्त दवाखान्यात सुईच्या भीतीने रडणाऱ्या पोराच्या डोक्यावर माझी अमूर्त चित्रं नकोत. :)

---

साक्षीपुरावा :

वकिली चष्म्यातून थोडं. प्रदर्शनाला जोडून पोस्टकार्डं, कॅलेंडरं छापणार असाल तर लक्षात ठेवा : चित्र तुमच्या मालकीचं असलं म्हणजे त्याचा कॉपीराइटही तुमचा झाला असं नाही. लेखी करार नसेल तर तो साधारणपणे चित्रकाराकडे, त्याच्यानंतर वारसांकडे राहतो. मुदत चित्रकाराच्या मृत्यूनंतर पुढचं कॅलेंडर वर्ष सुरू झाल्यापासून ६० वर्षं. चित्रकार म. वि. धुरंधर १९४४ साली गेले, त्यांचा केव्हाच संपला. बाबूराव पेंटर १९५४, तोही संपला. वर आलेले फोन्सेका १९६७ साली गेले, म्हणजे २०२७ च्या अखेरीपर्यंत हक्क शाबूत. सा. ल. हळदणकर १९६८, म्हणजे २०२८. तुमच्या मास्तरांचे वारस गावातच असतील, त्यांच्याकडून साध्या कागदावर परवानगी घ्या. कुणी नाही म्हणत नाही, पण विचारलं नाही तर चिडतात.

दुसरा कायदा १९७२ चा, पुरावस्तू आणि कलासंपदेचा. देशातल्या ९ चित्रकारांची चित्रं कलासंपदा म्हणून जाहीर झालेली आहेत, रविवर्मा, अमृता शेरगिल, नंदलाल बोस वगैरे. ती विक्रीसाठी देशाबाहेर नेता येत नाहीत. देशात खरेदी-विक्री करायला हरकत नाही. लोक दोन्हींत गल्लत करतात.

---

रेघोट्या :

हळदणकरांचं नाव निघालं म्हणून. हातात दिवा घेतलेल्या स्त्रीचं त्यांचं जलरंग म्हैसूरच्या जगन्मोहन पॅलेसमध्ये आहे. तिथे मी उभी असताना शेजारचा एक जण बायकोला सांगत होता, "हे रविवर्म्याचं." पाटी समोर होती! मग वाटलं, पाट्या वाचतं तरी कोण? कृष्णाकाठ, पाट्यांबद्दल लिहा ना. आमच्या गावच्या संग्रहालयात पाटी म्हणजे 'स्त्री. कॅनव्हासवर तैलरंग.' स्त्री आहे हे दिसतंय की आम्हाला.

आणि तुमच्या मास्तरांत बाई एकही नव्हती का? धुरंधरांच्या कन्या अंबिकाबाई जेजेत शिकल्या, चित्रकार म्हणून जगल्या, त्यांचं नाव किती जणांना ठाऊक आहे? जिल्ह्याच्या दालनांत तर विचारूच नका.

---

कृष्णाकाठ :

रेघोट्या, बायकांच्या प्रश्नावर उत्तर असं : स्टोअरमध्ये बायकांची चित्रं नगण्य निघाली, आणि निघाली त्यांवर 'सौ.' अमुक, पुढे नवऱ्याचं नाव. माहेरचं नाव शोधत शाळांचे जुने अंक चाळणं चालू आहे. हे काम धाकट्या सहायिकेने अंगावर घेतलंय, आणि पुढचं प्रदर्शन तिच्याच हवाली केलंय. मी फक्त अंतिम वाचन करणार. टीमप्रमुखाने प्रत्येक प्रदर्शनाच्या पाटीवर स्वतःचं नाव लावू नये, हे मी माझ्या जुन्या वरिष्ठांचं उलटं उदाहरण बघून ठरवलं.

पाट्या. आमचा नियम असा की पाटी लिहिणाऱ्याने ती आधी सुतारमामांना वाचून दाखवायची. मामा "बरं, मग?" म्हणाले की पुन्हा लिहायची. घाटाच्या त्या चित्राची पहिली पाटी होती, 'प्रकाश आणि अवकाश यांच्या संवादातून साकारलेले भावविश्व.' मामांनी नुसतं बघितलं. आत्ताची अशी आहे : 'सकाळची वेळ, पाणी उतरलेलं. चित्रकार तेव्हा विद्यार्थी होते. पायऱ्यांसाठी त्यांनी रंग लावलाच नाही, कोरा कागद तसाच सोडला आहे. जवळ जाऊन बघा.' लोक खरंच जवळ जातात. इतके जवळ की आता दोरी लावावी लागलीये.

कठीण पाटी वेगळीच. चित्रकार आबालाल रहिमान यांच्याबद्दल सगळ्या कोल्हापूर भागात सांगतात की १९२२ साली शाहू महाराज गेले आणि आबालालांनी आपली हजारो चित्रं कोटितीर्थ तलावात सोडून दिली. लिहायचं की नाही? मोठा सहायक म्हणतो, पुरावा नाही, लिहू नका. शाळांचा कार्यक्रम बघणारा म्हणतो, पोरांना तेवढंच लक्षात राहतं. तासभर भांडले. शेवटी 'असं सांगतात' हे शब्द घालून लिहायचं ठरलं, आणि जी चित्रं उरली आहेत त्यांच्याबद्दल त्याहून जास्त लिहायचं.

फोंडेकर, रात्री एसी बंद करणारा शिपाई आमच्याकडेही आहे. त्याला वरून काटकसरीचं परिपत्रक आलेलं, त्याचा काय दोष. दोन आठवडे आर्द्रतेची नोंद ठेवून तो आलेख मी वर पाठवला. परिपत्रकाला आलेखाने उत्तर दिलेलं बरं पडतं.

---

पिवळा_बंगला :

उजेडाचंही बघा. कागदावरच्या कामाला ५० लक्स (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक), तैलरंगाला २०० पर्यंत. वर्तमानपत्राच्या फोटोग्राफरना ते काळोखं वाटतं, आणि उद्घाटनाला मोठे दिवे घेऊन येतात. गेलेला रंग परत येत नाही. जलरंग तीन-चार महिने लावला की त्याला काही वर्षं अंधारात विश्रांती द्यायची. तुमचं पावसाळी प्रदर्शन त्या हिशेबात बसतं.

चित्राचा मध्य जमिनीपासून १४५ ते १५० सेंमी, ही टांगणीची सर्वसाधारण उंची. पण शाळकरी पोरं येणार असतील तर एक भिंत खाली उतरवा.

---

नवीन_सभासद_सांगली :

पहिलाच प्रतिसाद. आजोबा चित्रकार होते, वाड्यात त्यांची बरीच चित्रं आहेत. आता वाडा पाडायचा चाललाय. काका म्हणतात, एखाद्या दालनाला देऊन टाकू, पण ती कायम भिंतीवर लावली पाहिजेत आणि आजोबांच्या नावाची खोली हवी. असं कुणी घेईल का? भंगारवाल्याने चौकटींची किंमत सांगून झाली आहे, म्हणून घाई आहे.

---

कृष्णाकाठ :

भंगारवाल्याला आधी थांबवा. :)

'कायम लावा' ही अट कुठलंही शहाणं दालन मान्य करणार नाही, वर पिवळा_बंगला काकांनी सांगितलेल्या उजेडाच्या कारणासाठीच. खोलीचं वचन जो लगेच देईल त्याच्याकडे तर देऊच नका. देणगीपत्रात याऐवजी हे मागा : प्रत्येक चित्राची स्वतंत्र नोंद आणि तिची प्रत तुमच्या घरी, पाटीवर देणगीदार म्हणून कुटुंबाचं नाव, अभ्यासकांना चित्रं बघायची सोय, आणि दालनाला पुढे एखादं चित्र नको झालं तर आधी तुम्हाला विचारायचं. सगळीच चित्रं एका ठिकाणी द्यायला हवीत असंही नाही. आम्ही दहा बघून तीन घेतो, आणि बाकीची कुठे शोभतील ते सुचवतो. तुमच्या काकांना राग येईल, पण न आवडलेलं चित्र घेऊन स्टोअरमध्ये टाकण्यापेक्षा ते बरं.

दरम्यान, चित्रं वाड्यातून हलवताना काचेवर चिकटपट्टीची फुली मारा, म्हणजे फुटली तरी कागदावर सांडणार नाही. तैलचित्रांना वर्तमानपत्रात गुंडाळू नका, धुतलेली मऊ सुती चादर चालेल, आणि ती उभी ठेवा, एकावर एक आडवी रचू नका. पुसायला कुणाला ओलं फडकं देऊ नका. आजोबांच्या वह्या, पत्रं, स्पर्धांची प्रमाणपत्रं, रंगांच्या दुकानाची बिलं असतील तर तीही वेगळ्या पिशवीत. मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, तुमच्या काकांचा नंबर द्या, त्यांच्याशी मीच बोलते.